कालव्यावरून आणलेलं बदक

अहो,

"कोंबड्या एकाएकी मरायला लागल्या तर विकू नका, त्याच दिवशी मला कळवा," असं जनावरांच्या सरकारी डॉक्टरीणबाई आपल्या शेडमध्ये उभ्या राहून सांगून गेल्या होत्या. तुम्ही हसलात. मी मात्र त्यांना शब्द दिला.

तुम्ही उरलेल्या कोंबड्या विकायला बिबवेवाडीला टेम्पो ठरवायला गेल्यावर आणखी अकरा मेल्या. तुरे निळे पडलेत. नवापूरला आला तोच बर्ड फ्लू असावा. तो आपल्याकडे कुठून आला, असं तुम्ही कालपासून विचारताय. गेल्या आठवड्यात कालव्याच्या कडेला एक रानबदक तडफडत होतं. ते मी शेडमध्ये आणून टोपलीखाली ठेवलं, कोंबड्यांच्याच भांड्यातलं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी ते मेलं. "उघड आता बदकांचा दवाखाना," असं तुम्ही म्हणाला असतात, म्हणून बोलले नाही. रोज सकाळी पंचशील म्हणते आणि एवढं लपवलं.

डॉक्टरीणबाई आल्या की उरलेल्या तीनशेही माराव्या लागतील. कुठल्याही जिवाला मारणार नाही असं रोज म्हणणारी मीच त्याला कारण. पण टेम्पो गेला तर हा रोग दुसऱ्यांच्या शेडांत जाईल. म्हणून शेडला कुलूप लावून किल्ली सोबत घेतलीय. रागवा, पण कुलूप तोडू नका.

भात झाकून ठेवलाय. कल्याणी शाळेतून आली की तिला मागे शेडकडे जाऊ देऊ नका.

खडकवासल्याला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लागत नाही, म्हणून स्वतःच तिकडे जातेय. आंघोळ करून साडी बदललीय, तरी बसमध्ये कुणाला काही लागायला नको, म्हणून चालतच निघालेय.

ललिता