दरेकशाच्या विरजणाची वाटणी

मी, यादोराव बिसराम शहारे, वय त्रेसष्ट, महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला परिचर, राहणार केशोरी, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या मर्जीनं लिहून ठेवतो. कोणी दडपण आणलेलं नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. बिघडलंय ते मोठं आतडं. त्याचा तुकडा मागच्या वर्षी नागपूरला कापून काढला, आणि आता दुखणं यकृतात पोचलं आहे.

मालमत्तेआधी मूळ गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर हात पुढे चालणार नाही. माझा मुलगा अतुल याला चार महिन्यांपासून संडासवाटे रक्त पडतं. तो त्याला मूळव्याध म्हणतो आणि ताक पितो. हे दुखणं आमच्या रक्तात असू शकतं, दोन्ही लेकरांची दुर्बिणीनं तपासणी करा, असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं. मुलगी मोनाली देवरीहून जाऊन तपासून आली. तिच्या आतड्यात मटराएवढा मांसाचा कोंब निघाला, तो तिथंच काढला, आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला हजर. अतुल मात्र जागचा हलत नाही.

कलम पहिले. केशोरीचं घर दोघांना निम्मं निम्मं. मोनालीचा हिस्सा बिनशर्त. अतुलचा हिस्सा त्यानं तपासणीचा कागद बहिणीच्या हातात दिल्यावर. तोपर्यंत त्याच्या खोल्यांची किल्ली मोनालीकडे राहील. त्याला हे लागेल, लागू दे. बँकेतली ठेव मोनालीची, त्यावर वाद नको.

कलम दुसरे. सायकल, थर्मास आणि नळ्या निर्जंतुक करायचा जुना कुकर. याच सायकलवर आणि थर्मासात मी जिल्ह्याचं दही गोळा केलं. १९९९ साली आमच्या प्रयोगशाळेच्या जमुना कापगते मॅडमनी घरोघरच्या विरजणातले चांगले जंतू शोधायचं काम काढलं. चिचगडला दोनदा गेलो. दरेकशाला मात्र रेल्वेनं गेलो, तिथल्या एका घरचं दही सगळ्यांत सरस निघालं, आणि ते आणलं मी. या तिन्ही वस्तू मॅडमना द्याव्यात. त्या नको म्हणतील, तरी द्याव्यात.

रिकामा नळ्यांचा स्टँड हेडक्लार्क ईश्वरदास यांना. त्यांनी पुतणीच्या लग्नाचं श्रीखंड ठेवायला प्रयोगशाळेच्या फ्रिजमधून माझ्या जंतूंच्या चाळीस नळ्या बाहेर काढल्या होत्या, त्याही मे महिन्यात. मी विसरलेलो नाही, हे त्यांना कळावं.

मघापासून तीनदा उठलो, अंगणात जाऊन आलो. पुढचं लिहायचं टाळतो आहे.

कलम तिसरे, विरजण. दरेकशाचं ते विरजण मी घरी आजवर जिवंत ठेवलं. अतुलचं अर्जुनीला दही-ताकाचं दुकान आहे, तिथं तेच चालतं. चालू दे. पण त्यानं वर पाटी लावली आहे, 'आतड्याच्या कॅन्सरवर रामबाण, शहारे यांचं संशोधन'. ही पाटी आजच उतरवावी. संशोधन मॅडमचं होतं, मी बाटल्या धुतल्या. मलाही केमोच्या वेळी डॉक्टरांनी असल्याच जंतूंच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी जुलाब कमी झाले, गाठ नाही. पांढऱ्या पेशी उतरल्या तेव्हा त्याही बंद केल्या, अशा अंगाला जिवंत जंतू बाधू शकतात म्हणून. तेव्हा दही हे दही म्हणून विकावं.

पाटीचा राग अतुलवर काढतो आहे, पण पहिली पाटी मीच लावली होती, घरातल्या घरात. २००३ मध्ये मॅडमनी ते जंतू नागपूरला उंदरांवर तपासले. ज्यांना दिले, त्यांच्या आतड्यात गाठी कमी आल्या. मी पेढे वाटले. पुढच्या वर्षी माझी बायको कुसुमबाई हिला रक्त पडायला लागलं. ती म्हणाली, "मी नागपूरले दाखवून येऊ का जी?" मी म्हणालो, "कायले जातेस? आपल्या घरी औषध हाये." आठ महिने मी तिला रोज दोन वेळा ताक पाजलं. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मॅडम भेटायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "यादोराव, उंदरांना आपण गाठी यायच्या आधीपासून देत होतो. आणि ते उंदीर होते." मला आधी-नंतर कळत होतं. बाटल्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या. मला माझं दही खरं ठरायला हवं होतं, म्हणून कुसुम गेली. लेकरांना मी हे आजवर सांगितलं नाही. अतुल समजतो की त्याची आई ताकावर जास्त जगली. ती ताकामुळं उशिरा पोचली, बाळा.

आता वकिलांशी माझं भांडण. ते म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. मग पहिल्या कलमाचा उपयोग काय? मी संक्रांतीला जाईन की होळीला, कोणाला ठाऊक, आणि अतुलचं रक्त रोज पडतं. म्हणून हा कागद पेटीत ठेवायचा नाही. सही व्हायच्या आधी आजच साक्षीदारांसमोर अतुलला वाचून दाखवायचा.

कलम चौथे आणि शेवटचे. हे मी जिवंतपणी देतो. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या आतड्याची पुन्हा दुर्बिणीनं तपासणी आहे. यकृतात पोचलेल्या दुखण्याला तिनं फरक पडणार नाही. माझ्या जागी अतुलला तपासाल का, असं काल डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते हो म्हणाले. माझा सकाळी नऊचा नंबर अतुल यादोराव शहारे याला देतो. पोट साफ करायचं औषध आणून फडताळात ठेवलं आहे, ते रविवारी प्यायचं. साकोलीवरून जाणाऱ्या बसची दोन तिकिटं काढली आहेत, सोबत मी येतो.

वाचून झालं.  अतुल म्हणाला, "तुमचा नंबर मले देऊन राहिले बाबा, मंग तुमचं का?" शेजारचे छोटेलालजी म्हणतात की हे कागदावर घालू नये, कायद्यात बसत नाही. मी घालतो, कारण पोरानं चार महिन्यांत पहिल्यांदा नाही म्हटलेलं नाही.

सही : यादोराव बिसराम शहारे

आमच्यादेखत यादोरावांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही :
१. छोटेलाल पटले, शेजारी
२. सुशिलाबाई कोडापे, आशा कार्यकर्ती

केशोरी, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१३