लिहिलेली बाजू आत

बाई, काल भाचा मला त्याच्या कचेरीत घेऊन गेला होता. एका कागदावर सही हवी होती. माझी सही रेघेबाहेर गेली, कागद वाया गेला, तेव्हा त्यानं तो चुरगाळून फेकला नाही. टेबलाशेजारच्या एका यंत्राच्या फटीत आडवा सरकवला. घर्र असा आवाज झाला आणि खाली शेवया पडाव्यात तशा पट्ट्या पडल्या. "मावशी, आता हे ब्रह्मदेवालासुद्धा वाचता यायचं नाही," असं तो मोठ्या ऐटीत म्हणाला. माझी कंबर वाकत नाही, तरी मी वाकले, एक पट्टी उचलली आणि तिच्यावरचं माझं नाव, आडनाव आणि गाव त्याला वाचून दाखवलं. ओळीच्या दिशेनं कापलेला कागद म्हणजे न कापलेलाच कागद, असं वर ऐकवलंसुद्धा. कचेरीतले सगळे हसले, म्हातारीचे डोळे शाबूत आहेत म्हणाले. ते वाक्य तुमचं होतं, बाई. ते मी माझं म्हणून ऐकवलं, आणि घरी येऊन कागद काढून बसले.

तुम्ही ते मला शिकवलंत तेव्हा सन तीस-एकतीसचा सुमार असेल. नवऱ्यानं टाकलेली, मराठी सातवी पास, पंचविशीतली बाई मी. दुसरं कुणी असतं तर भांडी घासायला लावलं असतं. तुम्ही माझं अक्षर पाहिलंत आणि दवाखान्याचं सगळं लिखाण माझ्या हाती दिलंत. नाशकात, गंगेपलीकडे, पंचवटीच्या वाटेवरच्या त्या चार खोल्यांत पाच खाटा होत्या आणि तुम्ही एकट्या डॉक्टरीण. सांगून येणाऱ्या बाळंतिणी पुढच्या दारानं यायच्या, न सांगता येणाऱ्या मागच्या. डोळ्यांचं औषध, पोटातली गाठ, मावशीकडे राहायला, अशी काहीबाही कारणं घरी सांगून त्या पोरी यायच्या आणि महिना-दोन महिने राहून परत जायच्या. त्या प्रत्येकीचं नाव, वय, गाव, सधवा की विधवा, आणि पुढे काय झालं, हे माझ्या हातानं केसपेपरावर लिहिलेलं असायचं. खोटं नाव तुम्ही लिहू देत नव्हता. पुन्हा दुखणं उलटलं तर खरा कागद हवा, म्हणायच्या. तीन वर्षं तो कागद कुलपात राहायचा आणि मग तो मारायचा. "मारायचा" हा तुमचाच शब्द, म्हणजे कुणालाही वाचता येणार नाही असा नष्ट करायचा.

आपल्या नाशकात त्या शब्दाला फार अर्थ होता. गावातल्या प्रत्येक तीर्थोपाध्यायाच्या घरी यजमानांच्या वह्या. बागलाणातल्या अमक्या गावचे तमके, त्यांचा बाप, आजा, पणजा, कोण कधी गंगेवर आलं, कुणाची अस्थी आणली, सगळं पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेलं. नुसतं गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्याय तुमच्या पणजोबाचं नाव सांगणार. बाकी कुठल्या गावात एखादा कागद रस्त्यावर सापडला असता तर कोण कुठली म्हणून लोकांनी सोडून दिला असता. इथे तसं होणार नव्हतं. म्हणून तर तुम्हाला एवढी धास्ती होती.

कागद जाळायला तुमचा विरोध. आधीच्या गावी तुम्ही एकदा जाळले होते, तेव्हा वाऱ्यानं एक अर्धवट जळका तुकडा शेजारच्या अंगणात पडला आणि त्यावरचं नाव तेवढं धड राहिलं होतं. त्यामुळे आपल्याकडे पाणी आणि मुसळ. आधी नावाची ओळ अशी फाडायची की शिरोरेषा एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे. मग बाकीचा कागद उभा फाडायचा, मग आडवा, मग पुन्हा उभा. आठ दिवस घंगाळात भिजत. मी पहिल्यांदा पाणी निळं झालेलं पाहून म्हटलं, बाई, शाई गेली. तुम्ही एक तुकडा वर काढून माझ्या नाकासमोर धरलात. अक्षर होतं तिथेच होतं. "ही शाई पाण्याला भीत नाही. कुटल्याशिवाय ती मरत नाही. तू दमलीस म्हणून कागद वाचता यायचा थांबत नाही, लक्षात ठेव," असं भर दुपारी स्वयंपाकघरात, पाणक्यासमोर मला बोललात. मला राग आला होता. मेथीची पूड घालून मी तो लगदा त्या दिवशी इतका कुटला की संध्याकाळी भाकरी थापायला हात उठेना.

एवढा छान लगदा टाकायचा कसा, म्हणून टोपल्या करायची कल्पना माझी. सगळ्याच बायका रद्दीच्या करतात, तशाच. पालथ्या पातेल्यावर लगदा थापायचा, वाळला की काढायचा आणि वरून खळ लावून कागद चिकटवायचा, म्हणजे टोपली गुळगुळीत होते. तो वरचा कागद तुम्हीच द्यायच्या. औषधांच्या कंपन्यांची जाहिरातपत्रकं यायची, एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू कोरी. छापलेली बाजू आत, कोरी बाहेर. तुम्ही हसून म्हणालात, "बघ, कुणाची पापं आणि कुणाचे पापड!" तुम्ही विनोद क्वचित करायच्या, म्हणून तो लक्षात राहिला.

त्या टोपल्यांनी माझं काय केलं ते तुम्हाला कधी कळलं नाही. आळीतल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या. नवरा जिवंत होता, कुंकू होतं, पण टाकलेलीला कोण बोलावणार? एका संक्रांतीला मी शेजारच्या उपाध्यायीणबाईंना एक टोपली दिली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः मला हाक मारली, पाटावर बसवलं, आणि चारजणींना सांगितलं, "हिच्या हातची टोपली पाहा, लाकडाची वाटावी." बाई, मी त्या एका वाक्यावर वर्ष काढलं. तिसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "यंदा आम्हाला मोठी हवी हो, शेवयांना. वाण लुटायलाही पाच-सहा कर." जाहिरातपत्रकं संपलेली. वर्तमानपत्र लावलं तर टोपली पिवळट दिसते. आणि समोर मारायच्या केसपेपरांचा गठ्ठा, जाड, पांढराशुभ्र, विलायती कागद. नेम असा की सगळं कुटायचं. मी त्यातले काही कागद चौघडी फाडले आणि लिहिलेली बाजू आत करून मोठ्या टोपलीला लावले. खळीखाली काय दिसणार आहे, असं मनाशी म्हटलं. टोपली अशी सुरेख झाली की मी ती दोनदा उन्हात नेऊन पाहिली.

श्रावणात हवा सर्द झाली आणि उपाध्यायांच्या माजघरात त्या टोपलीचा कागद फुगून सुटला. चतकोर कागद, पण वरचा. नाव, गाव, वय बावीस, विधवा, आणि पुढे माझ्याच अक्षरात प्रसूतीची तारीख. ती पोर सटाण्याकडच्या मोठ्या घरातली. मूल जगलं नव्हतं, आणि ती तीन वर्षं सासरी गपचूप नांदत होती. तिचं घर त्याच उपाध्यायांचं यजमान. पितृपक्षात सासरा श्राद्धाला आला, तेव्हा उपाध्यायांनी आपलं कर्तव्य समजून तो कागद त्याच्या हातात ठेवला.

आठ दिवसांनी ती आपल्या मागच्या दारात उभी. एक गाठोडं, आणि कंबरेला खोचलेला तो चतकोर. सासऱ्यानं तोंडावर फेकला तो तिनं उचलून आणला होता. "बाई, माले घरमाईन काढी दिधं," एवढं म्हणून ती उंबऱ्यावरच बसली. मग डोकं वर करून म्हणाली, "मनं नाव कोनी सांगं? इतलंच सांगा." तुम्ही तो कागद हातात घेतलात. अक्षरांवर वाळलेल्या लगद्याचे कण चिकटलेले होते, त्यामुळे तो कुठून आला हे तुम्हाला विचारायची गरजच नव्हती. तरी तुम्ही मला आतल्या खोलीत नेऊन दार लावलंत आणि अगदी हळू विचारलंत, "तू सगळं कुटलंस ना?"

मी म्हटलं, "हो बाई."

"मग हा टोपलीला कसा लागला?"

"मी तुम्ही दिलेलेच कागद लावले. एक बाजू कोरी होती. मागे मी पाहिलं नाही."

तुम्ही तो कागद उजेडाशी नेऊन उलटसुलट करून पाहिलात. मग म्हणालात, "म्हणजे मीच तो तुझ्या गठ्ठ्यात घातला. मला दिसला नाही." मला फक्त नाही म्हणायचं होतं. एक शब्द. मी मान खाली घातली आणि तुम्हाला वाटलं, मी तुमच्यासाठी रडते आहे. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. आजही कुणी पाठीवर हात ठेवला की मी अंग चोरते.

बाहेर जाऊन तुम्ही तिला एवढंच सांगितलंत, "तुझा कागद माझ्या दवाखान्यातून गेला. तुझी जबाबदारी माझी." नंतर तिला पुण्याला नर्सिंग शिकायला पाठवलंत. मागच्या दाराची कडी मात्र त्यानंतर फारशी वाजलीच नाही. पुढच्या दारानंही बायका येईनाशा झाल्या, कारण आपलं नाव कधी कुणाच्या टोपलीवर निघेल याचा नेम नाही, असं गावात झालं होतं. ते एक वेळ मी सहन केलं असतं. पण तुम्ही मुंबईला जाऊन डोळे तपासून आलात. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तुमचा विश्वास बसेना. औषधाची बाटली तीन-तीनदा उजेडात धरायला लागलात, टाके घालायची वेळ आली की सरकारी दवाखान्यात पाठवायला लागलात. एवढी मोठी डॉक्टरीण, आणि माझ्यासमोर एक केसपेपर धरून विचारायच्या, "हे सतराच आहे ना गं?" मी म्हणायचे, "हो बाई, सतराच." रोज सांगायची संधी होती. रोज मी सतराच म्हटलं.

तुम्ही गेलात ते सन अडतीसमध्ये, तापानं, चार दिवसांत. शेवटच्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होतात. खोलीत आपण दोघीच होतो. मी तुमचे पाय दाबत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. तुम्ही म्हणालात, "उरलेले कागद नीट कुट हं." मी हो म्हटलं, आणि ते मात्र केलं. एकही टोपली केली नाही. सगळा लगदा गंगेत सोडला.

आतापर्यंत जे लिहिलं ते मी मनात कितीदा तरी लिहिलं आहे. पुढचं कधीच लिहिलं नाही. तेराव्यानंतर ती सटाण्याकडची पोर आली. पांढरा पोशाख, पायात बूट, बोलणं पुण्याचं झालेलं. तुम्ही तुमचं पदराला टाचायचं घड्याळ तिला द्यायला सांगितलं होतं, ते मी तिच्या हातात ठेवलं. तिनं ते कपाळाला लावलं, पदराला टाचलं. चहा झाला. मग ती म्हणाली, "ताई, आता बाई नाहीत म्हणून विचारते. त्यांना दुखवायचं नव्हतं. तो कागद खरं म्हणजे कुणाच्या हातून गेला? दवाखान्यातून गेला, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मला वाटायचं, दुसऱ्या कुणाला तरी त्या पाठीशी घालताहेत." तिचे डोळे माझ्यावर होते. तिला माझा संशय होता, बाई. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मला वाटतं, तिनं मला माफही केलं असतं. मी म्हटलं, "बाईंच्याच हातून. त्यांना तेव्हाच नीट दिसेनासं झालं होतं." तिनं मान हलवली. घड्याळ काढलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं. "खरं सांगितलंत, बरं झालं," म्हणाली, आणि गेली.

ते घड्याळ माझ्या कपाटात आहे. ती देवळालीला असते, निवृत्त झाली, गुडघे दुखतात. दर दिवाळीला तिचं कार्ड येतं. "त्या सगळ्यात तुम्ही एकट्याच माझ्याशी खरं बोललात," असं तिनं मला एकदा लिहिलं होतं. मी तिला उलट शुभेच्छा पाठवते, फराळ केला की नाही ते लिहिते. तिचा पत्ता मला तोंडपाठ आहे, आणि देवळाली इथून फार लांबही नाही. हे पत्र तिच्याच नावानं लिहायला बसले होते. दोनदा सुरू केलं. मग वर "बाई" असं लिहिलं आणि हात भराभर चालायला लागला, कारण तुम्ही उत्तर देणार नाही, हे मला ठाऊक होतं.