कार्बोरेटरचं झाकण

बाबा,

आईला दवाखान्यात घेऊन जातेय. कपाळाला टाके पडतील. या वेळी डॉक्टरांना 'दार लागलं' असं मी सांगणार नाही.

गाडीचे भाग साफ करायला हवेच्या झोताने सोडा मारणारी बंदूक तुंबली, ती आईने सोड्याचं पोतं ओल्या फरशीवर ठेवलं म्हणून नव्हे. कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीत साचलेलं पाणी तुम्ही आठवडाभर काढलं नव्हतं. त्या पाण्याने सोड्याचे गोळे झाले. मी टाकीचा नळ सोडला तर डबाभर पाणी निघालं, आणि बंदूक लगेच मोकळी झाली. तेच सांगायला वळले, तोवर तुम्ही आईला कार्बोरेटरचं झाकण फेकून मारलं होतं.

वर पुन्हा पाना उचललात. म्हणून बंदूक तुमच्या तोंडावर सोडली. चुकून नाही, मुद्दाम. पुन्हा हात उगारलात तर पुन्हा सोडेन. डोळे चोळत बाहेर निघून गेलात; परत आल्यावर अजून चुरचुरत असतील तर नळाखाली धरा. तेवढं सांगतेय, ते तुम्ही बाप आहात म्हणून.

वाळूने ओरखडे पडतात म्हणून मुद्दाम सोडा आणलात. लोखंडाला, ॲल्युमिनियमला किती जपता हो तुम्ही!

साफ झालेले भाग फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेत. उरलेले तुमचे तुम्ही करा, मदतनीस दुसरी बघा. झाकण मात्र शोधत बसू नका. ते माझ्या पिशवीत आहे. टाके घातले की आम्ही तिथून सरळ पोलीस चौकीत जाणार आहोत.

तेवढं एक झाकण मी साफ केलेलं नाही.