दत्ताच्या हातात टकळी

जाऊबाई,

काल तुमचं वर्षश्राद्ध जेवून आले. शिरड शहापूरची पाव्हणी खीर ओरपता ओरपता म्हणून राहिली होती, "काय बाई होती! सुनेला कधी भाकर थापू दिली न्हाई!" श्राद्धाच्या पंगतीत मी काय बोलावं? म्हणून आज लिहून राहिले. चौथी शिकलेला हात आहे, चुकणारच. मधी हात घालायला तुमी न्हाई, बरंच झालं!

थापू दिली न्हाई हे खरं. तिची भाकर जरा चिरली की तुमचा हात पुढं. "दे इकडं, मी करते." पीठ तुमच्या हातात, सून भिंतीला टेकून उभी. तुमी गेलात त्या आठवड्यात तुमच्या घरात बेकरीचा पाव आला, ठाऊक आहे? लोक याला माया म्हणतात. मी मिजास म्हणते.

तीच मिजास तुमच्या लेकात, दत्तात उतरली. नरसीला त्याचा कॉम्प्युटरचा क्लास आहे, माझी नात सुवर्णा तिथं प्रोग्रॅमिंग शिकते. लिहिलेलं चुकलं की पडद्यावर लाल अक्षरं येतात. कितव्या ओळीत घोटाळा झाला तेही त्यातच असतं म्हणे. पण वाचतंय कोण? लेकरांनी "सर!" म्हणून ओरडायचं, सरांनी धावत यायचं. "सरक, दे इकडं." टकटक, टकटक, झालं! लेकरं खूश, सर त्याहून खूश.

हिंगोलीला परीक्षेत लाल अक्षरं आली तवा पोरगी मागं वळून बघत बसली. तिथं कुठला दत्ता? नापास! "आजी, मला डोकंच न्हाई," म्हणून शिकणं सोडायला निघाली. डोकं न्हाई? वापरू दिलं होतं काय कुणी?

मी लोकर अन् टकळी घेऊन क्लासात गेले. सगळ्यांदेखत म्हटलं, "दत्ता, सूत कात."

"काकू, मला कुठं येतं? आईनं कधी टकळी धरूच दिली न्हाई."

"ठाऊक आहे. तुझे दोन्ही हात गुंतले म्हणजे झालं."

पोरं फिदीफिदी हसली. तेवढ्यात सुवर्णाचं अडलं. "काका, बघा ना!" दत्ताचे हात नुसते वळवळले. शेवटी तोंड उघडलं, "काय लिहिलंय ते वाच." तिनं वाचलं, एक ओळ सुधारली. दुसरीच लाल ओळ उगवली! तीही वाचली. जेवणाची वेळ टळून गेली. मग तिचा प्रोग्रॅम चालला एकदाचा, अन् पोरगी अशी किंचाळली की दत्ताच्या हातून टकळी पडली. आता म्हणते, परीक्षेला पुन्हा बसते.

अन् दत्ताचं सूत? कुठं दोरखंडासारखं, कुठं केसासारखं, वर गाठीच गाठी! बघून माझाच हात पुढं झाला. "दे इकडं" अगदी ओठावर आलं, जाऊबाई! तुमच्यासोबत नांदल्याचा रोग, दुसरं काय? हात पदरात गुंडाळून घेतला.

तुमाला वचन देते. मी समोर बसून बघीन, नावं ठेवीन, दात काढून हसीन. पण त्या गाठी दत्ताच सोडवील, मी बोट लावणार न्हाई. तुमीही वरून लावू नका.

तुमची धाकटी जाऊ,
चंद्रभागा