गाडी लाखांदूरले जाणार नाही

पुनर्वसन वस्ती, गोसीखुर्द
१९ नोव्हेंबर २०२५

लिलाधरदादा,

नमस्कार घे. तू माहा नंबर ब्लॉक केला, म्हणून पोस्टाची पायरी चढा लागली. इकडे सारे बरे आहेत. मायचे गुडघे दुखतेत, तरी एका जागी बसन तर शपथ. बाबा रोज डोंगा घेऊन पाण्यावर जाते.

मायले तू फोनवर सांगितलं म्हणे, "पुढच्या रविवारी येतो, नंदिनीले अन् गाडीले, दोघीलेही कुलदीप जवायाच्या घरी लाखांदूरले पोहोचवून देतो." दोघीले! जशा काही आमी एकाच दावणीच्या गाई.

तर पहिले गाडीची खबर ऐक. तुले मालूम असलेली ती रडकी डिझेल गाडी आता राहिली नाही. म्या नागपूरच्या भंगार बाजारातून टर्बो आणला अन् अंगणात बोनेट उघडून बसली. मधुकरराव कुंपणावरून म्हणते, "बाईमाणसानं इंजिनात काहून हात घालावा?" म्या म्हटलं, "काका, तुमची मोटर बंद पडली तं येजा, तिच्यातही घालून देते." तेव्हापासून ते दुसऱ्या रस्त्यानं जाऊन राहिले.

टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबते, त्यानं गाडी जोरात ओढते, पण तापतेही जास्त. म्हणून मोठं रेडिएटर, एक जास्तीचा पंखा अन् टर्बोची गरम हवा थंडी करणारं इंटरकूलर, सारं संगंच बसवलं. पहिल्यांदा रेस केली तं हवेचा पाइप असा फाटकन् निसटला का मायनं हातातली कोंबडी सोडून देल्ली. कोंबडी सापडली. पाइपही क्लॅम्पनं आवळला. आता बरफ अन् मासोळ्या भरून भंडाऱ्याच्या बाजारात जाते, तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकत नाही. धंदा माहा आहे दादा, हात माहे आहेत.

रेडिएटरच्या समोर बाबानं मासोळ्याचं बारीक जाळं दुहेरी करून बांधून देल्लं. धानाच्या दिवसात रस्त्याकाठी मळणी चालू असते, सारा कोंडा रेडिएटरवर जाऊन बसते, म्हणून. कोंडा दिसला का थांबायचं, झटकायचं, मंग पुढं जायचं. इथलं शेंबडं पोट्टंही हे जाणते. मीही जाणत होती.

मागच्या साली, याच दिवसात, कुलदीपनं मले मारलं. "नवराबायकोचं भांडण" म्हणू नको, मारलं. म्या गाडीची चाबी उचलली अन् निंगाली. रस्त्यात मळण्याच मळण्या. तो मागून येईन या भेवानं एकाही जागी थांबली नाही, कोंड्यातून तशीच दामटली. पवनीच्या अलीकडे रेडिएटर बुजलं, गाडी उकळून बंद पडली. अन् म्या फोन तुले लावला. बाबाले नाही, तुले. तू म्हणाला, "तिथंच थांब, हलू नको. मी येऊन राहिलो."

मी थांबली. आला कुलदीप.

तू सांगितलं त्याले मी कुठं उभी आहो ते. त्यानंच हसत हसत मले सांगितलं. घरी नेऊन त्यानं काय केलं ते लिहत नाही. तू बी कधी विचारलं नाही. साल झालं, मी हे मायले सांगितलं नाही. कायले सांगू? तिले वाटते तिचा लेक देवमाणूस आहे.

या भाऊबीजेले आली ते आली, आता परत जात नाही. भंडाऱ्याच्या वकीलबाईले भेटली. गाडी बाबाच्या नावानं आहे, लग्नात फक्त वापराले देल्ली होती. अन् मी कोणाच्याच नावानं नाही.

रविवारी खुशाल ये. माय झिंगे रांधन, पोटभर जेवजो. पण कुलदीपले संगं आणलं, तं दाराच्या दाठ्ठ्यातच उभं करून, माय-बाबाच्या समोर तुले विचारीन का त्या दिवशी म्या फोन कोणाले केला होता. मंग देजो उत्तर.

तुही बहीण म्हणायचं का नाही, ते तू एकटा येतं का दुकटा, त्याच्यावर आहे.

नंदिनी इतवारी शेंडे