माझा खांदा आणि तुझी शोकसभा

कंपू, ग्वाल्हेर
मंगळवार, दुपारच्या चहानंतर

प्रिय गुरुप्रसाद यांस,

तीर्थरूप लिहावं तर तुझ्यात तीर्थासारखं काही नाही, आणि चिरंजीव लिहावं तर तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. म्हणून नुसतंच प्रिय लिहिलंय, फुगून जाऊ नकोस. तुझी तब्येत कशी आहे? रीत म्हणून विचारत नाहीये. तू जेवतोयस, फिरतोयस, राजवर्धनवर ओरडतोयस, असं तुझ्या हस्ताक्षरात मला लेखी हवंय, कारण गेल्या आठवड्यापासून इथे तू वारलेला आहेस. घाबरण्यासारखं काही नाही. सगळं नीट पार पडलं, लोकही बरेच आले होते. फोनवर सांगितलं असतं, पण फोन तुझा लेक उचलतो आणि तो तुझ्या हातात पडेपर्यंत त्याचं 'काका, मुखत्यारपत्राचं काय झालं' सुरू होतं. पत्र तरी तो फोडणार नाही (आजकालच्या पोरांना पाकीट कुठून फोडायचं हेच पता नसतं).

मुळापासून सांगतो. होळीनंतर पुण्याहून तुझं ते मुखत्यारपत्र आलं. गोरखी महालामागचं तुझं घर विकून टाकायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं मी, रजिस्ट्रीत सह्या करायच्या मी, आणि तू यायची काही गरजच नाही, कारण राजवर्धन म्हणतो, पप्पांना प्रवास झेपत नाही, काका तुम्ही आहात ना. मी आहे ना! ते पाकीट आलं त्याच आठवड्यात माझा उजवा खांदा धरला. साधासुधा नाही, खांद्यापासून अंगठ्यापर्यंत असा ठणका की शर्टाची बाही चढवायला सुमनला बोलवावं लागे (आणि ती बाही चढवता चढवता माझ्या आईचे स्वभावदोष सांगते). एक्स-रे झाला, पाइपात घालून काढतात तो फोटो झाला, सुया टोचून करंट देतात तेही झालं. रिपोर्ट सगळे इतके स्वच्छ की नोकरीत असतो तर बढती मिळाली असती. हाडांचे डॉक्टर म्हणाले, तुमचा खांदा माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि स्वतःचा खांदा चोळत आत निघून गेले. मग तेल झालं, शेक झाला, दौलतगंजातल्या एका पहलवानानं हात असा काही फिरवला की मला क्षणभर माझीच पाठ दिसली. ठणका जागच्या जागी.

तेव्हा आमची अंतरा बेंगळुरूहून म्हणाली की बाबा, रिपोर्ट चांगले असले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, पण कधी कधी त्याच्या मुळाशी दाबून ठेवलेली भावना असते आणि आता त्याचा इलाज घरबसल्या मोबाइलवर होतो. मी म्हटलं, बाई गं, मी जन्मभर पाटबंधारे खात्यात होतो, मी पाणी अडवलंय, भावना कधी अडवली नाही. पण ती कुणाची मुलगी! मला न विचारता नाव घालून मोकळी झाली. डॉक्टरीणबाई भोपाळच्या, नाव शिखा, वयानं अंतराएवढ्याच, आणि आवाज इतका मऊ की पहिल्या बैठकीला माझा डोळाच लागला. त्यांना ते फार आवडलं. म्हणाल्या, तुम्हाला माझ्यापाशी सुरक्षित वाटलं.

त्यांनी एक तक्ता पाठवला. त्यात डावीकडे भावना आणि उजवीकडे आठवड्यात ती केव्हा आली ते लिहायचं. आता मला भावना ओळखता येतात त्या दोनच, एक राग आणि दुसरी ॲसिडिटी. तरी सरकारी माणूस, तक्ता रिकामा कसा परत पाठवणार? राग निरंक, दुःख निरंक, भीती निरंक, आणि खाली 'इतर' होतं तिथे खांदा, असं भरून खाली सही करून पाठवला (डाव्या हातानं). त्या म्हणाल्या, असं नाही, राग शरीरात कुठे येतो ते सांगा. मी म्हटलं, भोपाळचं पता नाही, आमच्याकडे तो स्वयंपाकघरात येतो. झालं! आतून सुमन सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारावं, तुम्हाला सर्वांत जास्त चीड कशाची येते, आणि मी तोंड उघडायच्या आत आतून उत्तर यावं, भेंडी चिकट झाली की. जवळच्या माणसाशी मन मोकळं करता का? आतून, कधीच नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी डॉक्टरीणबाई भारावून म्हणाल्या की हा जो आवाज येतोय तो तुमच्या अंतर्मनाचा आहे, त्याला अडवू नका. मी म्हटलं, मॅडम, हा अडवून अडत नाही.

पुढच्या बैठकीला एकांत हवा, असा हुकूम झाला. आता आमच्या घरात एकांत कुठला? तुझी किल्ली माझ्याकडेच होती, म्हणून तुझ्याकडे गेलो. बाहेर लूचा गरम वारा चालला होता म्हणून दारं-खिडक्या लोटून घेतल्या, पुढच्या दाराला कडी लावायची राहिली. तुझं सामान नेताना ट्रकवाल्यांनी जागा नाही म्हणून टाकून दिलेल्या दोन वेताच्या खुर्च्या बैठकीत तशाच आहेत. मी माझ्या खुर्चीत बसलो, पंख्याखालची तुझी रिकामी ठेवली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ठणका वाढतो केव्हा? मी म्हटलं, पेन उचललं की. कशावर सही करायला? मी सांगितलं. घर कुणाचं? तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, समोर रिकामी खुर्ची आहे ना, तिच्यात तुमच्या मित्राला बसवा आणि जे सांगायचं राहून गेलंय ते त्यांना सांगा.

तुला तर माहीत आहे, मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही. आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग पुण्याच्या पाण्याची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भावनेवर या. मग मात्र आलो. म्हटलं, अरे कृतघ्ना, चाळीस वर्षं रोज संध्याकाळी या खुर्चीत बसून तू मला चहा पाजून माझं डोकं खाल्लंस, आणि जाताना पोराच्या गाडीत असा बसलास की जणू सिटी सेंटरला बँकेत निघालायस. नीट निरोपसुद्धा घेतला नाहीस. आणि आता कागद पाठवतोस की तूच विक, तूच सही कर. म्हणजे माझ्या हातानंच तुला ग्वाल्हेरमधून काढून टाकायचं? असं बरंच. आवाज चढला. डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, आता उठा, त्यांच्या खुर्चीत बसा आणि त्यांच्या वतीनं उत्तर द्या. मी बसलो. आणि गुरू, तुझ्या खुर्चीत बसताच तुझा तो नाकातला आवाज आपोआप निघायला लागला, खोकल्यासकट! तू मला असा काही झापलास की ऐकवेना. मी उठून माझ्या खुर्चीत जाऊन उत्तर दिलं, तू तुझ्या खुर्चीतून ते खोडलंस. माझ्याच तोंडानं बोलतानाही तू मला बोलू देत नव्हतास. शेवटी तू टिपेच्या आवाजात ओरडलास, 'मला कुठे जायचं होतं रे! मी हे घर सोडणार नाही!'

आणि मी रडलो. तुझ्या खुर्चीत बसून. लिहून टाकलं, आता सुमनला सांगू नकोस.

हे सगळं होत असताना आपले दलाल जयसिंहराव सिटी सेंटरचं एक तरुण जोडपं घेऊन ओसरीत उभे होते. त्यांना जुन्या लश्कर भागात होमस्टे काढायचा होता. दार नुसतं लोटलेलं, त्यातून त्यांनी सगळं ऐकलं. मुलीनं फटीतून डोकावलं आणि जयसिंहरावांना म्हणाली, 'अंकल, अंदर दो लोग लड़ रहे हैं, और आदमी एक ही है.' जोडपं पळालं ते थेट गाडीत. जयसिंहराव मागे थांबले, कारण त्यांनी तुझा आवाज ओळखला. आणि तू तर पुण्याला. मग पुण्याचा माणूस ग्वाल्हेरच्या बंद घरात ओरडतो म्हणजे काय? माणूस कारभारी वंशातला, विचार करून निष्कर्ष काढतो. संध्याकाळी मी घरी पोचलो तर सुमनकडे चार बायका बसलेल्या, चहा नको म्हणत होत्या. भाजीवाल्यानं कांदे मोफत दिले. मी म्हटलं, अहो, काही झालेलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. एक म्हणाली, 'बळवंतराव अजून मान्य करत नाहीत, जिवलग होते ना.'

रविवारी आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, त्यात तुझ्याशेजारी माझा अर्धा चेहरा, त्यामुळे हार थोडा मलाही पडला. मी गेलो होतो ते सभा बंद पाडायला. पण तिथे एकेक जण उठून तुझ्याबद्दल जे काही बोलत होता ना! कुणी म्हणे मितभाषी, कुणी म्हणे निर्व्यसनी. तुला मितभाषी म्हणताना ऐकून मला राहवेना. मी उठलो. आणि तू कसा होतास ते सांगितलं. किती हट्टी, किती भांडखोर, आमच्या सुमनच्या ऑपरेशनला दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी कसा बसून राहिलास आणि सबंध वेळ महागाईबद्दल बोलत राहिलास, म्हणजे मला दुसरा विचार सुचू नये. हॉलमध्ये सगळे रडले. तू असतास तर तूही रडला असतास. बोलता बोलता माझा उजवा हात कानाच्या वर गेला होता, हे सुमननं पाहिलं आणि घरी आल्यावर बाही चढवायला साफ नकार दिला.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांना गहिवरून आलं. म्हणाल्या, फार छान, तुम्ही शोकाला जागा दिलीत. मी म्हटलं, मॅडम, तो जिवंत आहे. त्यांनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचून काढला. शेवटी मात्र हळूच म्हणाल्या की मग हे सगळं त्यांच्या तोंडावर का नाही सांगत? म्हणून हे पत्र. सलग लिहितोय आणि खांदा गप्प आहे. मधे एकदा मुखत्यारपत्र समोर ओढून पाहिलं, तर लगेच सणक आली. म्हणजे इलाज अर्धाच झालाय म्हणायचा.

वहिनींच्या फोटोला माझा नमस्कार, राजवर्धनला आशीर्वाद (उत्तर नको). गुडघ्यांना तेल लाव.

तुझा, तुझ्या पश्चात फार एकटा पडलेला,
बळवंत

ता. क. घराला गिऱ्हाईक मिळालंय, हे सांगायचं राहिलं. उषाताई म्हणून निवृत्त मेट्रन आहेत, एकट्याच असतात. जयसिंहरावांनी प्रामाणिकपणे भुताचं सांगून टाकलं, तर म्हणाल्या, बरंच झालं, घरात कुणी बोलणारं तर असेल. मग मला विचारलं, रोज येतं की नुसतं अमावास्येला? मी म्हटलं, रोज, चहाच्या वेळेला. त्यांना घर पसंत आहे.

आणखी एक ता. क. पण अडचण अशी की मेलेल्या माणसाचं मुखत्यारपत्र चालत नाही, तसा कायदाच आहे. आता माझ्या सहीला किंमत नाही. तेव्हा सही करायला आणि तू आहेस हे दाखवायला तुला स्वतः यावं लागेल. राजवर्धनला म्हणावं, कायद्यापुढे कुणाचं चालत नाही. उतरायचं आमच्याकडे.

शेवटचा ता. क. सुमन मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणते, खरं ते लिहा. तर जयसिंहराव म्हणाले होते की व्हिडिओ कॉलवर नुसतं तोंड दाखवलं तरी सगळ्यांची खात्री पटेल आणि कागदही चालेल, फक्त नंबर द्या. तुझा जुना नंबर बंद, नवा एकट्या माझ्याकडे. मी दिला नाही. सांत्वनाला राजवर्धनचा मागत होते, तोही दिला नाही. घर विकायला माझी ना नाही, गुरू. पण ते तुझ्यावाचून विकलं गेलं की तुला इथे यायला काही कारण उरणार नाही, आणि मग पुढच्या शोकसभेला आपल्या दोघांपैकी एकच जण असेल, आणि ती सभा खरी असेल. म्हणून सांगतो, ये. तू येईपर्यंत मी तुला जिवंत करणार नाही.