गाडीच्या दारांतलं मेण

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. खुशाली सगळ्यांची आहे असं धरून चाल, मला आधी मनातली मळमळ बाहेर काढू दे.

तुझ्या हट्टापायी काल मी बाबांच्या त्या गाडीत डोकं घातलं. एरवी मी शेडच्या दारातूनच त्यांना जेवायला हाक मारते. आत असा वास की आमच्या लाँड्रीत हॉटेलांची पायपुसणी येतात ती बरी. साहेबांनी गाडी दिली त्या दिवसापासून सीटांवरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही. एक कोपरा उचलला तर खाली चामड्यावर पांढरी-हिरवी लव, आणि त्यातून काहीतरी पुष्कळ पायांचं निघून माझ्या मनगटावर चढलं. हात तीनदा साबणाने धुतला, तरी जेवण गेलं नाही.

बाबांनी बावीस वर्षं साहेबांची गाडी चालवली आणि साहेबांनी जाताना ती त्यांनाच देऊन टाकली, हे तू तुझ्या ऑफिसात रंगवून सांगत असशील. आखूड बांधा, चार दारं, आत लाकडाची पट्टी, एकेकाळची शाही गाडी. सांगताना वासाचंही सांग.

आता कामाचं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेलाच आहे, डावा वर्षभर टिकला तर नशीब. बाबांना त्याआधी एकदा, दिवसाउजेडी, गाडीतून टेकडीच्या रस्त्याने जाऊन यायचंय. दुसरं काही मागत नाहीत. म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे खोकल्या म्हणतात, कारण प्रत्येक वाक्याआधी खोकतो. खोकून झालं की हात पुसतो, तेही माझ्या वाळत घातलेल्या टॉवेलला. तो म्हणतो, इंजिन ठणठणीत आहे, बाबा दर रविवारी चालू करतात ना. ब्रेक, पाइप आणि काचांची रबरं तेवढी बदलायची.

बाबांचं बाकी तसंच. सकाळी सहाला उठून गाडी धुतात. पाइप, वर दोन बादल्या. गाडी बाहेर पडो न पडो, धुवायची म्हणजे धुवायची. दिसत नाही तर तळहाताने चाचपून धुतात. तेवढं झालं की दिवसभर खुर्ची.

तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते, तेव्हा सुटसुटीत लिही. माझी शाळा चौथीतच आटपली हे विसरू नकोस.
माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. त्या पुष्कळ पायांच्या प्राण्यालाही माझा नमस्कार सांग. इतक्या वर्षांत तुझ्या अंगावर चढायची हिंमत त्या एकट्यानेच केली.

काचांची रबरं पार्सलने पाठवली आहेत. इथे एक जुन्या गाड्यांचं दुकान आहे, मालक म्हातारा आणि तिरसट. मी गाडीचं नाव सांगताच त्याने चष्मा काढून पुसला. रबरं वाळून चिरली असतील तर खालचा गालिचा उचलून बघाच, असं त्याने दोनदा बजावलं. खोकल्याला सांग.

बाबा, तुम्ही हे ऐकताय ते मला माहीत आहे. टेकडीवरून परत आलात की कसं वाटलं ते ताईला लिहायला सांगा. तिने त्यातून शिव्या गाळल्या तर चार ओळी उरतील, त्या मला पुरतील.
लोभ आहेच, रागही असू दे.
धाकटा


२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ. हे पत्र वाच आणि फाडून टाक.

गालिचा उचलला. खाली काळा चिखल आणि त्यात झुरळांचं आख्खं गाव. खोकल्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो पापडातून जावा तसा पत्र्यातून आरपार गेला. भोकातून मला माझीच चप्पल दिसली. पुढे दोन्ही बाजूंना तेच.

मग त्याने दारं तपासली. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती सगळी मेणाने बुजवलेली. खोकल्या खोकायचं विसरला. कुठल्या गाढवाने हे केलं म्हणून विचारायला लागला. बाबा अंगणात खुर्चीवर रेडिओ ऐकत होते. मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं.

उंदीर शिरू नयेत म्हणून बाबांनीच मेणबत्ती वितळवून ती भोकं बुजवली होती, मला आठवतंय. पण ती भोकं पाणी बाहेर पडायला असतात. काचेच्या चिरलेल्या रबरातून पाणी दारात उतरणार, खाली वाट नाही, म्हणजे ते आत गालिच्याखाली जाणार आणि तिथेच बसणार. वर सीटांना प्लॅस्टिक, म्हणजे ओल उडून जायचीही सोय नाही. आणि असं रोज सकाळी, पाइप आणि दोन बादल्या.

ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये बांधला की काय होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? जन्म त्यात गेला. पण मला किळस म्हणून मी कधी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

बाबांनी धुऊन धुऊन गाडी कुजवली, धाकट्या. हे त्यांना कळलं तर उद्या सकाळी सहाला ते कशासाठी उठतील, ते तू सांग. मी त्यांना सांगितलंय की पत्रा उंदरांनी खाल्ला. ते म्हणाले, उंदीर पत्रा खात नाहीत. मी म्हटलं, हल्लीचे खातात.

खोकल्या खालून नवा पत्रा जोडून देणार आहे. तू पुढच्या पत्रात यातलं अक्षरही काढू नकोस. काढलंस तर इथे येऊन माझ्या हातचं जेवायची आशा सोड.
रागावलेली, तरी तुझीच,
ताई


६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. आजचं पत्र तुम्हाला आहे. ताईलाही मी वेगळं लिहिलेलं नाही.

बाबा, पत्रा उंदरांनी खाल्ला नाही. दारांची भोकं तुम्ही मेणाने बुजवलीत आणि धुतलेलं पाणी आत राहिलं, त्याने तो गेला. हे मी लपवणार होतो. पण उद्या नवा पत्रा बसला आणि तुम्ही पुन्हा पाइप धरलात तर तोही जाईल. शिवाय तुम्हीच मला शिकवलंत की गाडीला लागलं तर साहेबांना आपण आधी सांगायचं, त्यांनी बघायची वाट बघायची नाही.

ताईवर रागावू नका. ती तुम्हाला जपत होती.
तुमच्या पायांशी,
धाकटा


२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. देते, पण दातओठ खाऊन.

मी वाचते कशी ते तुला माहीत आहे. शब्दाखाली बोट ठेवून, एकेक अक्षर चावत. उंदरांपर्यंत आले आणि पुढचं मनानेच सुरू केलं. तुला बढती मिळाली, हवा चांगली आहे, भूक लागते, असं धो धो बोलत सुटले. बाबांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाले, जिचा एक ओळ वाचेपर्यंत चहा गार होतो, ती बातम्या दिल्यासारखं कधीपासून वाचायला लागली? पुन्हा पहिल्यापासून वाच म्हणाले, आणि तुझ्या नेहमीच्या चालीने.

वाचलं. बोट ठेवून. ते उठले. शेडमध्ये गेले, खाली बसले आणि पत्र्याच्या त्या भोकात हात घातला तो बराच वेळ काढला नाही. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले की, इतकं पाणी मारू नकोस असं साहेब एकदा म्हणाले होते, आणि साहेबांना गाडीतलं काय कळतंय म्हणून मी ते सोडून दिलं. मग जमिनीवर थुंकले. उभ्या जन्मात मी त्यांना थुंकताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले. भिंतीकडे तोंड करून पडलेले. तिसऱ्या दिवशीही तेच. खोकल्या पत्रा जोडून गेला, तरी विचारलं नाही. मी तुला काय काय म्हटलं ते कागदावर मावणार नाही.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. लाँड्रीतली मोठी कात्री घेतली, नाकाला फडकं बांधलं आणि सीटांवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडून काढलं. सीटा उन्हात ओढल्या. व्हिनेगरचं पाणी घेऊन ती लव खसाखसा घासायला लागले. सारखे उमासे येत होते. त्या आवाजाने बाबा उठून आले, भिंत चाचपत. चामडं असं घासतात का म्हणून माझ्यावर ओरडले. माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं, पिळलं, अजून ओलं आहे म्हणून पुन्हा पिळलं आणि स्वतः पुसायला बसले. मी आत जाऊन चहा टाकला आणि तो उतू गेला तरी बघत राहिले.

मग माझी केसांची पिन मागून घेतली आणि एकेका भोकातलं मेण बोटांनी शोधून काढलं. खोकल्याला सहा सापडली होती, बाबांना आठ. रबरं बसल्यावर त्यांनी एक पेला पाणी मागितलं. काचेवर ओतलं, हात दाराखाली धरला आणि थांबले. थेंब तळहातावर पडला, तेव्हा दुसरं दार. चारही दारांना एकेक पेला.

काल टेकडीवर जाऊन आलो. चावी त्यांनी आपल्या हाताने खोकल्याला दिली आणि स्वतः मागे बसले, आयुष्यात पहिल्यांदा. मी पुढे, नाकाला पदर लावून, कारण वास काही गेलेला नाही. जाताना-येताना त्यांनी खोकल्याचा गिअर टाकण्यावरून उद्धार केला. वर पोचल्यावर खाली काय दिसतंय ते मी सांगायला लागले, तर मला दिसतंय, तू गप्प बस, म्हणाले. दिसत होतं की नाही, मी विचारलं नाही.

आता सहाला उठतात. बादली मी लाँड्रीत नेऊन ठेवली आहे. ते कोरडं फडकं घेऊन जातात.

हे पत्र लिहून झाल्यावर मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, थुंकण्यासकट. त्यांनी काही गाळायला सांगितलं नाही. तूही असंच लिहीत जा, जे असेल ते. मी सावकाश वाचेन.
तुझी ताई